उस्तादांची स्प्रिंग

खलील उस्तादांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात पिस्तूल दिलं नाही, झाडू दिला. "बीएस्सी झाला ना बे? मंग झाडू कोन्या बाजूनं धरते, हे मालूम असन." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मंग कॉलेजवाल्यायनं काहीतरी शिकवलं." आज माझ्याकडे जे काही आहे, म्हणजे नोकरी, घर, हातातली कला आणि मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'व्यवसाय : आर्मोरर' असं लिहिताना येणारा थोडासा माज, ते सगळं या माणसामुळे आहे. म्हणून आधी त्यांचं नाव.

संपादकांनी 'जंगल जिल्ह्यातल्या नोकरीचे थरारक अनुभव' मागितले होते. त्यांना वाघ अपेक्षित असावा. मी बावीस वर्षं चंद्रपूरच्या बाहेर एका नेमबाजी क्लबात पिस्तुलं दुरुस्त करतो. आमच्या रेंजच्या मागे खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर आहे, गोळ्या त्यात जातात. डोंगरावर बाभळी आहेत, बकऱ्या आहेत, वाघ नाही. या नोकरीत माझा ज्या सर्वांत धोकादायक गोष्टीशी सामना झाला, ती म्हणजे कुंकू.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते. क्लबची सगळी पिस्तुलं पांढऱ्या चादरीवर मांडतात. अध्यक्ष येतात, अध्यक्षांच्या सौभाग्यवती येतात, आणि प्रत्येक पिस्तुलावर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या असं सगळं मनापासून वाहतात. पिस्तुलाच्या आत केसाएवढ्या फटीत चालणारे भाग असतात. तिथे कुंकू आणि तेल एकत्र आलं की जो लगदा होतो, त्याच्यापुढे सिमेंट बरं. दसऱ्यानंतर आठ दिवस उस्ताद दात घासायच्या ब्रशनं ते काढत बसायचे. चंद्रपुरात तीन पिढ्या कुलपं, स्टोव्ह आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या घरातले ते शेख. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत लाल. दारातून कोणी डोकावलं की म्हणायचे, "या जी. सौभाग्य उतरवून राह्यलो."

गिऱ्हाइकंही तशीच. सूरजागडच्या बाजूला ज्यांचे ट्रक चालतात असे एक ठेकेदार मेंबर होते. त्यांची तक्रार की गोळी डावीकडे जाते. पिस्तूल तीनदा बदलून दिलं, तरी गोळी डावीकडेच. चौथ्यांदा उस्तादांनी त्यांचा हात धरून पाहिला. "साहेब, आंगठ्या काढा." पाच बोटांत सहा अंगठ्या होत्या. ठेकेदार म्हणाले, ज्योतिषानं सांगितलं आहे, काढता येणार नाहीत. उस्ताद म्हणाले, "मंग त्यालेच विचारा, डावीकडं काय हाय." मोहर्लीला, व्याघ्रप्रकल्पाच्या दाराशी, रिसॉर्ट असलेले दुसरे एक गृहस्थ विचारायला आले, की या पिस्तुलाने जिप्सीवर आलेला वाघ थांबेल का. ही पॉइंट टू टूची, कागदाला भोक पाडणारी पिस्तुलं. उस्तादांनी गंभीरपणे सांगितलं, "थांबन ना. पाहाले थांबन, आवाज कायचा झाला म्हनून."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्पर्धेचं पिस्तूल अर्धस्वयंचलित असतं. म्हणजे गोळी झाडली की तिच्याच धक्क्यानं वरचा लोखंडी भाग, स्लाइड, मागे जातो. जाताना रिकामं काडतूस बाहेर फेकतो, येताना खालच्या मॅगझिनमधून नवीन गोळी उचलून नळीत बसवतो. मागे जाणाऱ्या स्लाइडला आवरायचं आणि परत पुढे ढकलायचं काम एका स्प्रिंगचं. स्लाइड पूर्ण मागे गेली की शेवटी सांगाड्याला टेकते. ठक्. हजारो वेळा ठक्. त्या जागी रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी चकती ठेवायची, म्हणजे लोखंडावर लोखंड आपटणार नाही, ही झाली बफरची कल्पना. ऐकायला इतकी शहाणपणाची वाटते, की मीही फसलो.

तेव्हा मला नोकरीत सात-आठ वर्षं झाली होती. सेक्रेटरींच्या केबिनमध्ये नवीन इंटरनेट आलं होतं आणि ते जेवायला घरी जात. त्या तासाभरात मी परदेशातल्या नेमबाजांची भांडणं वाचायचो. तिकडे बफरवरून दोन पक्ष होते. एक म्हणे, बफर नसेल तर सांगाडा तडकेल. दुसरा म्हणे, बफर फाटून त्याचे तुकडे यंत्रात अडकतील. आपल्याकडे ग्रामपंचायतीत होतं त्यापेक्षा सभ्य, पण तेवढंच लांब. मी पहिल्या पक्षाचा झालो. आमच्या क्लबकडे चांगलं म्हणावं असं एकच पिस्तूल होतं. त्याचा सांगाडा तडकला असता तर दुसरं यायला परवान्यांची किती वर्षं लागली असती, देव जाणे. मी उस्तादांकडे गेलो.

"उस्ताद, बफर लावू."

"काऊन?"

"सांगाडा वाचंल."

त्यांनी पानाचा डबा उघडला. स्टीलचा, झाकणावर चंद्र कोरलेला. पान लावता लावता म्हणाले, "गाडी रोज येऊन भितीवर आदळते. तू काय करशीन? भितीले गादी लावशीन?"

त्यांनी पानावर चुना फिरवला.

"ब्रेक पाय ना बे आधी. स्प्रिंग म्हंजे ब्रेक. ते टायमावर बदलली, तर स्लाइड आपटतच नाई, नुसती टेकते. कंपनीनं गादी देली असन तर असू दे, टायमावर बदल. नाई देली, तर आपल्या मनानं नाई घालाची. ज्यानं पिस्तूल बनवलं तो का येडा व्हता?"

स्प्रिंगच्या बाबतीत ते हाजी माणसासारखे काटेकोर होते. भिंतीवर खडूनं प्रत्येक पिस्तुलाची, स्प्रिंग बदलली की ओढलेली, रेघ असायची. ठरावीक फैरी झाल्या की स्प्रिंग बदलायची, मग ती चांगली असो की वाईट. मी म्हणायचो, चांगली स्प्रिंग का टाकता? ते म्हणायचे, "थकल्यावर सांगत नाई ते. बायको सांगते, स्प्रिंग नाई सांगत."

मी ऐकून घेतलं, आणि घरी येऊन बफर बनवला.

आमच्या भागात कोळसा वाहून नेणाऱ्या जुन्या पट्ट्याचं रबर कुठेही मिळतं. त्याच्या चपला होतात, गोठ्यात गाईखाली ते घालतात, दाराखाली अडसर म्हणून लावतात. ज्या रबरानं वर्षानुवर्षं कोळसा वाहिला, ते एका पिस्तुलाचा धक्का सोसणार नाही का? मी त्याच्या कापडाचा थर तासून पातळ चकत्या कापल्या. एक त्या एकमेव चांगल्या पिस्तुलात गुपचूप बसवली आणि झाडून पाहिलं. ठक् च्या जागी धप् आलं. मला वाटलं, मी शोध लावला.

ते पिस्तूल वनिता मडावी वापरायची. एटापल्लीकडची, वनरक्षक, आमच्या क्लबात आलेली खरी नेमबाज तीच. बाकीचे छंद म्हणून यायचे. ती ड्यूटी संपवून, गणवेशातच, दोन बस बदलून यायची. पंचवीस मीटरवर तिचा हात असा थांबायचा, की पुढच्या खांबावरचा सरडा आधी हलेल. त्या वर्षी तिच्या साहेबांनी तिला शेवटची रजा दिली होती. नागपूरच्या विभागीय स्पर्धेत पात्रता गुण मिळाले तर राष्ट्रीय स्पर्धा; नाहीतर, साहेबांच्या शब्दांत, "बाई, आता जंगल सांभाळा."

बफर लावल्यावर तिनं झाडून पाहिलं. "भाऊ, धक्का मऊ लागून राह्यला. का केलं?"

"थोडी ॲडजस्टमेंट."

"लय भारी जी." तिनं घरून आणलेले मोहाचे लाडू मला दिले. खरं सांगायचं तर धक्का तेवढाच होता, फक्त आवाज बदलला होता. माणूस कानांनी हाताला फसवतो. पण लाडू मी खाल्ले.

दोन महिने ती चकती चालली; उस्ताद पिस्तूल उघडणार असले की मी ती आधीच काढून ठेवायचो. आता माझी खरी कर्तबगारी. राखीव चकत्या वाळून कडक होऊ नयेत, म्हणून मी त्या एका बाटलीत पिस्तुलाच्या तेलात बुडवून ठेवल्या होत्या. आमच्या घरी जे तेलात बुडालं ते टिकलं, असा नियम होता. आईचं लोणचं तसंच. वडील नागभीडजवळच्या आमच्या गावच्या तलावात मासे धरायचे, त्यांचा डोंगाही वर्षातून एकदा तेल पिऊनच पाण्यात जायचा. मी चकत्यांचं लोणचं घातलं. आता हे लिहिताना सांगितलंच पाहिजे, की बीएस्सीला माझा विषय रसायनशास्त्र होता. असलं रबर तेलात फुगतं, हे मी दुसऱ्या वर्षाच्या पेपरात पाच गुणांसाठी लिहिलं होतं. पाचही मिळाले होते.

नागपूरच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी, उस्ताद चहा प्यायला गेले असताना, मी जुनी चकती काढली आणि लोणच्यातली नवी बसवली. वनितासाठी सगळं कोरं हवं, या भक्तीनं. जरा घट्ट बसली. मला वाटलं, नवी आहे म्हणून. जो भाग झाडून पाहिला नाही तो स्पर्धेच्या दिवशी लावायचा नाही, हा उस्तादांचा नियम मला झोपेतही पाठ होता.

पहिला भाग संथ नेमबाजीचा. तिनं असे गुण घेतले की बाजूच्या टेबलावरचे लोक उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. दुसरा भाग जलद. लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, वळतं, परत येतं. तिसऱ्या गोळीला आवाज आला, टिक्. स्लाइड पुरती मागे गेलीच नव्हती, म्हणून नवीन गोळी उचललीच नव्हती. बिघाडाची एक सवलत असते, ती तिनं घेतली. मालिका पुन्हा झाली, नीट झाली. पुढच्या मालिकेत दुसऱ्या गोळीला परत टिक्. आता सवलत नाही; न झडलेल्या गोळ्या शून्य. ती हात वर धरून तशीच उभी राहिली, लक्ष्य येत राहिलं आणि वळत राहिलं. नंतर आणखी एकदा तेच. पात्रता गुण चार गुणांनी गेले.

मागच्या टेबलापाशी सेक्रेटरी, वनिता आणि मी उभे होतो. उस्तादांनी पिस्तूल उघडलं. मला दिसलं ते त्यांनाही दिसलं : फुगून मऊ झालेली चकती धक्क्यांनी फाटली होती आणि फाटकी जीभ दुमडून स्लाइडच्या वाटेत बसली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रुमालानं आतलं पुसल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या हातानं पानाचा डबा उघडला. झाकणाचा आवाज झाला, बस.

"का झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"स्प्रिंग थकली व्हती," उस्ताद म्हणाले. "बदलाची राह्यली. माह्यी चूक."

वनिता म्हणाली, "उस्ताद, तुमी? तुमी विसरले?"

"बुढापा हाय, बाई."

ती नेमबाजीचा चष्मा पिशवीत घालून एकटीच बसस्टँडवर गेली. मला तोंड होतं, त्यात जीभ होती, आणि मी उभा होतो.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "उस्ताद, काऊन?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुले काहाडलं, तर तू परत तलावात जाशीन. तुह्या बापानं कंबरभर पान्यात उभं राहून तुले त्याच्यातून बाहीर काहाडलं. मले काहाडलं, तर मी पोरीचं लगन करून तिच्याकडं जाईन. लय इचार कराची गोष्ट नाई." मग भद्रावती गेल्यावर म्हणाले, "आता स्प्रिंग टायमावर बदलत जा. नाईतर माह्यं खोटं वाया जाईन."

कमिटीनं त्यांना महिन्याभरात निरोप दिला. शाल-श्रीफळ नाही, नुसता निरोप. त्यांचं स्टूल मला मिळालं. रजिस्टरमध्ये नोंद झाली : 'कारण – स्प्रिंग. जबाबदार – आर्मोरर.' ती माझ्याच अक्षरात आहे, कारण क्लबात मराठी शुद्ध माझं होतं. पुढच्या वर्षी उस्तादांच्या मुलीचं लग्न झालं आणि ते तिच्याबरोबर सिरोंचाला गेले. तिथे शिलाई मशिनी दुरुस्त करतात. मी दर ईदला एक कार्ड पाठवत आलो. 'आपला आशीर्वाद असावा' एवढंच. ते उत्तर पाठवायचे, 'स्प्रिंग?' मी कळवायचो, 'बदलली.'

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी ती तशीच घेऊन निवृत्तही झालो असतो. माणसाला सवय होते, लोणच्यालाही होते. पण क्लबात एक म्हण तयार झाली. कोणी गेट लावायचं विसरलं, कोणी चहात साखर विसरलं, की पोरं म्हणायची, 'उस्तादांची स्प्रिंग झाली.' ज्यांनी उस्तादांना पाहिलं नाही तेही म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

वनिता आता आमच्याकडे रविवारी मुलींना शिकवते. ती राष्ट्रीय स्पर्धेला कधी गेली नाही. गेल्या महिन्यात एका मुलीनं मोबाइलवरून निळ्या प्लॅस्टिकचे बफर मागवले आणि मला विचारलं, "काका, लावू का? फायदा होते का?" मी तोंड उघडायच्या आत वनिता म्हणाली, "बफर-गिफर काई नाई. स्प्रिंग पाय. आमचा उस्ताद एक स्प्रिंग विसरला न् माह्यं नॅशनल गेलं." पोरी एका सुरात म्हणाल्या, "उस्तादांची स्प्रिंग!" आणि हसल्या.

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. म्हटलं, "वनिताबाई, स्प्रिंग नव्हती ती. बफर होता. मी लावला होता. पट्ट्याच्या रबराचा. ती ॲडजस्टमेंट."

रेंजवर एक बकरी ओरडली तेवढंच. मग मी सगळं सांगितलं. तेलाची बाटली, फाटकी चकती, पानाचा डबा, बस. रसायनशास्त्राचे पाच गुणही सांगितले, पण कोणी हसलं नाही.

वनितानं कानावरचं आवाजरोधक काढून टेबलावर ठेवलं. "चवदा वर्सं, भाऊ?"

"हो."

"मी त्यायच्या पोरीच्या लग्नाले नाई गेली. पत्रिका द्याले घरी आले व्हते बिचारे. मी आतून सांगितलं, बाई घरी नाई म्हनून." ती थांबली. "तुले लाडू चारले व्हते मी."

"हो."

"मोहाचे."

"हो जी."

"पत्ता दे त्यायचा."

मी कागदावर पत्ता लिहून दिला. तिनं तो दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि मुलींना म्हणाली, "का पायता? चाला, लाइनवर." त्या दिवशी ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही. अजून बोलत नाही.

मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. आता त्या नोंदीखाली एक नवी ओळ आहे, सहीसकट. सेक्रेटरी नवीन आहेत. ते म्हणाले, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय करायचं, कमिटीपुढे ठेवावं लागेल. मी म्हटलं, ठेवा. कमिटी काय करेल ते करो. त्याच संध्याकाळी बसून उस्तादांना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती खाली देतो. बफर लावावा की नाही, हे विचारणाऱ्यांना माझं उत्तरही त्यात आहे.

आदरणीय उस्ताद,

सलाम. ईद अजून लांब आहे, तरी पत्र लिहितो आहे, म्हणून घाबरू नका. सगळे खुशाल आहेत.

तुमचं खोटं मी आज मोडलं. वनिताबाई आणि सगळ्या मुलींसमोर सांगितलं, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : 'कारण – बफर. बसवणारा – मी. उस्तादांनी नको म्हटलं असताना.' तुम्ही मला तलावातून वाचवलंत. त्याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. पण तुमच्या नावानं इथे पोरं हसत होती आणि मी त्यांना चौदा वर्षं हसू दिलं. हे तुम्हाला कोणी कळवलं नसेल, म्हणून मीच कळवतो. रागवा.

नवीन मुली विचारतात, बफर लावावा का. मी त्यांना भिंतीची आणि गादीची गोष्ट सांगितली. कंपनीनं दिला असेल तर ठेवा आणि वेळेवर बदला. नसेल दिला तर स्प्रिंग बघा. आजवर हे मी माझं म्हणून सांगायचो. आता तुमचं म्हणून सांगतो.

मुली सांगत होत्या, वनिताबाई पुढच्या रविवारी सिरोंचाला येणार आहेत. त्यांचा राग तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे. त्या लाडू आणतील. मला ठेवू नका.

फाटकी चकती पानाच्या डब्यात अजून असेल तर ती त्यांना दाखवा. फेकून दिली असेल तरी चालेल.

आपला,
बीएस्सी

ता. क. त्या दिवशी स्प्रिंग नवीच होती. पंधरा दिवस आधी तुम्हीच बदलली होती, भिंतीवर खडूची रेघ होती. मी ती नंतर पुसली. हेही सगळ्यांना सांगितलं आहे. स्प्रिंग चांगली होती.